शिळी भाकर आणि सतरावा अध्याय

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सातव्या श्लोकापासून दहाव्यापर्यंत आहाराचा विचार आहे. सात्त्विक माणसाला काय आवडतं, राजसाला काय आवडतं, तामसाला काय आवडतं, ते तिथं सांगितलं आहे. तामसाच्या वाट्याला आलेलं अन्न म्हणजे शिजवून प्रहर उलटलेलं, रस गेलेलं, वास येणारं, शिळं, उष्टं. आमच्या अल्लीपूरला सप्ताहाच्या मंडपात एखादे महाराज हा भाग सांगतातच. समोर बसलेल्या बाया माना डोलावतात. त्यातल्या कितीतरी जणी त्या दिवशी सकाळी शिळी भाकर खाऊन आलेल्या असतात.

मी या गावात लग्न होऊन आले आणि पुढं अंगणवाडी सेविका झाले. पोरांची वजनं घेणं, गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या देणं, कोणाच्या घरी काय शिजलं याची बोलता बोलता चौकशी करणं, यात उमेदीची वर्षं गेली. गीता वाचायला घेतली ती उशिरा, आणि तीही विनोबांच्या गीताईतून. त्यामुळं श्लोक वाचताना माझ्यासमोर आधी माणसं उभी राहतात, अर्थ मागून येतो.

दिवाळीनंतर कापसाचा वेचा सुरू झाला की सकाळी बायांची जी न्याहारी चालते, ती मी त्यांच्यात बसून केली आहे. रात्रीची ज्वारीची भाकर फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवलेली असते. पापुद्रा वाळून कडक झालेला, आतला भाग घट्ट. तिचे दोन तुकडे करायचे, बाजूला जवसाची चटणी घ्यायची, चटणीत बोटानं खळगा करून त्यात कच्चं तेल सोडायचं. कांदा असला तर बुक्कीनं फोडायचा. ताक असलं तर भाकर त्यात कुस्करून, मीठ टाकून खायची. सगळं पाच-सात मिनिटांत आटोपतं आणि बाया वेच्याला निघतात. एकदा मी एकीला म्हटलं, सकाळी ताजी टाकून खात जा की. ती म्हणाली, “टाकतो ना बाई, लेकरांसाठी टाकतोच. पण ताजी खाल्ली का दहा वाजताच पोट मागते. शिळी दुपारलोक दम धरते.”

भाकर निवली की तिच्यातल्या पिष्टाचा काही भाग असा घट्ट होतो की तो आतड्यात लवकर पचत नाही, आणि मग रक्तातली साखरही सावकाश चढते. आहारशास्त्रात हे आता मान्य आहे. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिनं आपल्या पोटाला विचारलं आणि पोटानं दिलेलं उत्तर लक्षात ठेवलं.

आता या बाईला तामस म्हणायचं का? माझ्या मते हा साधासुधा प्रश्न नाही, धर्माचा प्रश्न आहे. आपल्याला मानवेल असं अन्न शोधणं हे धर्मात बसतं की नाही, हे त्यावरच ठरतं.

मी ते श्लोक पुन्हा पुन्हा वाचले. त्यांत एकाही धान्याचं नाव नाही, एकाही भाजीचं नाही. कांदा-लसूण नाही, मटण नाही, अंडं नाही. राजस आहार सांगताना तिखट, आंबट, खारट, फार कढत, कोरडा, जाळ करणारा अशी लक्षणं येतात. भाकरीबरोबरचा लाल मिरचीचा ठेचा त्यात सरळ बसतो आणि मला ते पटतंही, कारण ठेच्यानं होणारी जळजळ मी भोगली आहे. पण सात्त्विक आहाराचा श्लोक वेगळ्या तऱ्हेनं सुरू होतो. आयुष्य, मनाची उभारी, बळ, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवणारा आहार, असं तिथं आधी सांगितलं आहे. रसाळ, स्निग्ध, टिकाऊ, मनाला रुचणारा ही लक्षणं त्यानंतर. म्हणजे खाल्ल्यावर माणसाचं काय होतं ते पहिलं, ताटात काय आहे ते दुसरं.

शिळी भाकर दहाव्या श्लोकाला लावली तर तामस ठरते. आठव्याला लावली तर तीच बळ देणारी, टिकणारी, कष्टाला साथ देणारी ठरते. अशा वेळी मी आठवा श्लोक मोठा मानते. आहार कशासाठी घ्यायचा ते तो सांगतो. दहावा नुसत्या खुणा सांगतो. खुणा आणि हेतू यांत भांडण लागलं तर हेतूच्या बाजूनं उभं राहावं. शिवाय दहाव्यात जो सांगितला आहे त्याला ते तसलं अन्नच आवडतं. आळसानं अन्न नासू देणारा आणि नासलेलंच गोड मानणारा माणूस वेगळा. रात्रीची उरलेली भाकर वाया जाऊ न देता तिच्यावर दुपारपर्यंत राबणारी बाई वेगळी. दोघांना एका नावानं हाक मारणं हा त्या श्लोकावरच अन्याय आहे.

मला जास्त जड गेला तो तिसऱ्या अध्यायातला तेरावा श्लोक. यज्ञ करून उरलेलं खाणारे पापातून सुटतात आणि जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात, असा त्याचा भाव आहे. सतराव्या अध्यायात उष्टं तामस, आणि इथं उरलेलं पावन. माझ्या सासूबाई या तेराव्या श्लोकाप्रमाणे जगल्या. त्यांनी तो वाचला नव्हता. गडीमाणसं, पोरं, पाहुणे, घरातली म्हातारी, सगळ्यांचं झालं की त्या चुलीसमोर पाय मुडपून बसायच्या, भाजीच्या गंजातून भाकर फिरवायच्या आणि गंज पार कोरडा करायच्या. त्यांनी स्वतःसाठी ताट वाढून घेतलेलं मला आठवत नाही. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. घरात कोणी उपाशी राहिलं नाही, हाच त्यांचा मान होता.

त्यांच्या त्या जेवणाला उष्टं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्याला यज्ञ म्हणायलाही मी तयार नाही. जो देतो, त्याचा त्या अन्नावर आधी हक्क असावा लागतो. ज्या बाईच्या नावानं वाटाच काढलेला नाही, तिनं काय दिलं? तिच्याकडून ते परस्पर काढून घेतलं गेलं, आणि वर त्याला त्यागाचं नाव देऊन आपण मोकळे झालो.

हे मी रागानं लिहीत नाही, पाहिलेलं लिहिते आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आमच्याकडं येणाऱ्या पोरींची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली की आतला भाग पांढुरका दिसायचा. सातव्या महिन्यातली पोरगी, आणि तिनं सोमवार धरलेला, चतुर्थी धरलेली. उपासाला साबुदाण्याची उसळ आणि दोन कप चहा. उपास कोणासाठी, असं विचारलं की हळूच म्हणायची, “होणाऱ्या लेकरासाठी.” मी तिला म्हणायची, माय, लेकरू तुझ्याच ताटातून जेवते, मग त्याच्यासाठी त्याचंच जेवण काहून काढतेस? काही जणी ऐकायच्या. काही जणी सासूकडं बघायच्या.

म्हणून अस्वाद व्रताबद्दल माझं मत थोडं कडक आहे. गांधीजींनी एकादश व्रतांत अस्वाद घातलं. जिभेसाठी खाऊ नये, शरीराच्या कामासाठी खावं, हे मला मनापासून मान्य आहे. ज्याचं ताट भरलेलं आहे त्याच्यासाठी ते मोठं व्रत आहे. पण ज्या ताटात भाजी पोचतच नाही तिथं अस्वाद शिकवू नये. तिथं आधी वाढावं.

सेवाग्राम आमच्याच वर्धा जिल्ह्यातलं. तिथं गेले की लोक बापू कुटीपाशी थांबतात. मी बा कुटीपाशी जास्त वेळ थांबते. गांधीजींच्या आहाराच्या प्रयोगांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यांनी स्वतःही लिहिलं. त्या प्रयोगांच्या गोष्टीत कस्तुरबा मधूनमधूनच दिसतात, पण दिसतात तेव्हा गाडं वळतं. दक्षिण आफ्रिकेत त्या फार आजारी असताना डॉक्टरांनी गोमांसाचा रस द्यायचं म्हटलं आणि त्यांनी ठाम नकार दिला. जीव जाण्याची वेळ होती आणि निर्णय त्यांनी स्वतः घेतला. पुढं गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की तुम्हाला सांगितलं तर तुम्हालाही सोडवणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथं वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. या गोष्टीत लोकांना त्यांचा निश्चय दिसतो. मला त्या आधीचं वाक्य दिसतं. दुसऱ्याच्या ताटातलं काढायला सांगणाऱ्यानं आधी आपलं ताट पाहावं, हे एका आजारी बाईनं नवऱ्याला तोंडावर सांगितलं.

आणि दुधाची गोष्ट. गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या धावपळीनंतर त्यांना अतिसारानं घेरलं, अंगात काही उरलं नाही. डॉ. दलाल म्हणाले, दुधाशिवाय तुमचं शरीर भरून यायचं नाही. गांधीजी व्रतावर अडून होते. खाटेपाशी उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? गांधीजींनी ते घेतलं, आणि पुढं आत्मकथेत लिहिलं की आपण व्रताचे शब्द पाळले पण त्याचा आत्मा मोडला. ही बोच त्यांना कायम राहिली. दुधाची जागा घेईल असं वनस्पतीचं अन्न त्यांनी अखेरपर्यंत शोधलं.

त्या बोचेचा मी आदर करते. पण माझ्या मनात त्या घडीला मोठ्या ठरतात त्या कस्तुरबा. व्रत कोणासाठी आणि माणूस कोणासाठी, याचा निवाडा त्यांनी एका वाक्यात केला. स्वयंपाकघरात राहिलेल्या माणसाला हा निवाडा रोज करावा लागतो. पोराला ताप आहे, नवऱ्याला पित्त आहे, सासऱ्याला दात नाहीत, सुनेला दिवस गेले आहेत. एकच भाजी सगळ्यांना लागू पडत नाही, हे ग्रंथ वाचून कळत नाही. ते वाढता वाढता कळतं.

माझ्या स्वतःच्या ताटाचा प्रश्न निवृत्तीच्या सुमारास उभा राहिला. शुगर निघाली. शहरातल्या दवाखान्यातून आहाराचा कागद मिळाला, त्यात ओट्स, ब्राऊन राइस, ब्रोकोली असलं लिहिलेलं होतं. तो मी घडी करून ठेवून दिला आणि माझ्या आजीनं मला जेऊ घातलं होतं तिथून सुरुवात केली. रेशनच्या गव्हाच्या पोळ्या सोडून ज्वारीची भाकर. भात सणापुरता. रात्रीचं जेवण दिवेलागणीला. सकाळी कधी ताकातल्या कण्या, तर कधी, हो, शिळी भाकर. प्रत्येक बदल केला की थोडे दिवस थांबायचं, झोप कशी लागते, पायात मुंग्या येतात का, दुपारी डोळे मिटतात का, हे बघायचं आणि मग पुढचा बदल. त्यातच हेही ध्यानात आलं की तुरीचं वरण मला सोसत नाही. छातीशी येतं. मुगाचं चालतं.

ज्यांनी विदर्भातलं घर पाहिलं आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. आमच्याकडं तुरीच्या वरणाशिवाय जेवण झालं असं कोणी मानत नाही. सून म्हणाली, “आई, तुमच्यासाठी मुगाचं वेगळं लावतो.” मी नको म्हटलं. दिवसभर राबून आलेल्या पोरीनं माझ्यासाठी दुसरा गंज चढवायचा, घासायचा, आणि मी तो एकटीनं खायचा, हे मनाला लागत होतं. तिसऱ्या अध्यायातला तो श्लोक डोक्यात होताच. मी नुसती भाजी-भाकर खात राहिले. काही दिवसांनी तीच म्हणाली की एक दिवसाआड सगळ्यांनाच मुगाचं करू. नातू कुरकुरला. मग त्याच्या बापानं सांगितलं की मलाही तुरीनं पित्त होतं, पण आजवर बोललो नाही.

त्या दिवसापासून तो श्लोक मला वेगळा कळतो. केवळ स्वतःसाठी शिजवू नये, असं तो म्हणतो. सगळ्यांसाठी शिजवताना स्वतःला वगळावं, असं तो कुठंच म्हणत नाही. सगळ्यांत मीही येते, सूनही येते. आपल्याला काय मानवतं हे ओळखून ते चारचौघांच्या गंजात आणणं यात स्वार्थ नाही. न बोलता सोसत राहिलं तर शेजारी बसून तेच सोसणारा दुसराही बोलत नाही.

मात्र मला मानवतं ते पिकतं कुठं, हा प्रश्न उरतोच. आमच्या काळ्या जमिनीत आता पऱ्हाटी आहे, सोयाबीन आहे, तूर आहे, चणा आहे. ज्वारी औषधाला. कणसं भरली की पाखरं येतात, रोही आणि रानडुकरं उभं पीक लोळवतात, राखणीला माणूस मिळत नाही, आणि एवढं करून भाव नाही. दुसरीकडं २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी ५ किलो धान्य मिळतं, ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्यानं भूक भागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं मोल कमी करणार नाही. पण त्यानं ताटही बदललं. ज्या गावात गरिबाच्या घरी ज्वारी आणि सणाला गहू होता, तिथं गरिबाच्या घरी गहू आला आणि ज्वारी विकत घ्यायची वस्तू झाली.

सोयाबीनचं तर मला फार वाटतं. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योग संघाच्या आवारात, गांधीजींनी सोयाबीन ताटात आणून पाहिलं होतं. गरिबाला स्वस्त प्रथिनं मिळावीत, हा त्यामागचा विचार. आज त्याच जिल्ह्यात शेतंच्या शेतं सोयाबीनची आहेत. ते पोत्यांत भरून हिंगणघाटच्या बाजार समितीत जातं, त्याचं तेल निघतं, ढेप कोंबड्यांच्या खाद्याला जाते, आणि पिकवणाऱ्याच्या चुलीवर त्यातला दाणाही शिजत नाही. आमच्या बचत गटातल्या काही जणी आता गव्हाच्या पिठात थोडं भाजलेलं सोयाबीन दळून घेतात. ज्यांना पचतं त्यांनी घ्यावं, पण थोडं, नीट भाजून. कच्चं सोयाबीन पोटाला जड जातं.

ज्यांना पचतं त्यांनी, असं मी म्हटलं ते मुद्दाम. आपल्याला जे मानवलं ते दुसऱ्याला धर्म म्हणून सांगायचा मोह फार मोठा असतो. अलीकडं तो फार वाढला आहे. कोण काय खातो यावरून माणसाची पत ठरवायची, भाड्याची खोली नाकारायची, पोराच्या डब्यात डोकावायचं, हे प्रकार गावापर्यंत आले आहेत. मला याची चीड येते. आमच्या घरात सासूबाई माळकरी होत्या आणि त्यांचे दोन्ही मुलगे मटण खायचे. त्यासाठी अंगणात विटांची वेगळी चूल, वेगळा गंज. मटण शिजायचं त्या दिवशी सासूबाई वरच्या अंगाला बसून वाती वळायच्या. पोरांच्या जेवणाची वेळ झाली की घरातून ज्वारीच्या भाकरी त्याच करून द्यायच्या, गरम गरम, कारण मटणाबरोबर निवलेली भाकर चांगली लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. माळ त्यांच्या गळ्यात होती. ती त्यांनी पोरांच्या गळ्यात घातली नाही, आणि पोरांनीही आपलं ताट कधी त्यांच्या चुलीपाशी आणलं नाही.

गांधीजी स्वतः कट्टर शाकाहारी होते. तरी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्याविषयी लिहायला बसले तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की दूधही प्राण्यापासूनच येतं, आणि ज्याला दूध चालतं त्याला निर्बीज अंडं चालायला हरकत नसावी. त्याच पुस्तकात बैठं काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या आहारात त्यांनी गाईचं दूध दोन पौंड, म्हणजे जवळजवळ किलोभर धरलं आहे. वेच्याला जाणाऱ्या बाईला एवढं दूध आठवड्यातही मिळत नाही. तिला कुठून तरी बळ घ्यावंच लागतं. ते ती जवसातून, तुरीतून, कधी अंड्यातून, कधी वर्धा नदीच्या मासळीतून घेते. आठव्या श्लोकानं पाहिलं तर तिच्या ताटावर बोट ठेवायला मला जागा दिसत नाही.

तेव्हा सतरावा अध्याय सांगणाऱ्या महाराजांना माझी हात जोडून विनंती आहे. दहावा श्लोक सांगाल तेव्हा आठवा त्याच्या आधी, सावकाश सांगा, आणि त्याच्या जोडीला तिसऱ्या अध्यायातला तेरावा घ्या. मंडपात बाया मागं बसतात, त्यांना विचारा की आज सकाळी काय खाल्लं आणि ते कितीपर्यंत टिकलं. त्या लाजतील, पण सांगतील. आणि सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या दिवशी पंगती बसतात तेव्हा पहिली पंगत एकदा तरी त्या बायांची बसू द्या. वाढायला आमच्या घरच्या पुरुषमाणसांना सांगा. ते नाही म्हणणार नाहीत.